‘सैराट’ या शब्दाचं आपण काय केलं

बैल दावं तोडून उधळला, की आमच्या भागातली जुनी माणसं म्हणायची, ‘सैराट सुटलाय.’ स्वैर, सैरावैरा यांच्या गोतातला हा शब्द. पोरांनाही लागायचा: ‘कुठं सैराट पळताय उन्हाचं?’ त्यात राग असायचा, थोडं कौतुकही असायचं. रक्त नव्हतं.

आता हाच शब्द बातमीच्या मथळ्यात दिसला, की वाचणाऱ्याला पुढचं न सांगता कळतं: पोरीच्या घरच्यांनी मारलं. ‘सैराट’ चित्रपट आल्यावर या एका शब्दाचा अर्थ इतका फिरायला दोन-तीन वर्षंही लागली नाहीत. त्या काळात मी नगर-सोलापूर पट्ट्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. म्हणजे हे प्रकरण मी नुसतं पाहिलेलं नाही. मथळे देणाऱ्यांपैकी मीही एक होतो. एखाद्या चित्रपटावर सगळा महाराष्ट्र बोलायला लागतो तेव्हा त्या बोलण्यातून काय घडतं आणि काय निसटतं, हे मला या एका उदाहरणात जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसऱ्या कशात दिसलं नाही. इतक्या चर्चेनंतर आपल्या हातात एक शब्द उरला, आणि तो आपण मारणाऱ्याला न लावता मरणाऱ्याला लावला, अशी माझी तक्रार आहे. तिच्यात मीही आलो.

त्या उन्हाळ्यात

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता, आणि मार्चअखेर जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या नायिकेला, अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला, विशेष उल्लेख मिळाला होता. तरी खरी हवा केली ती अजय-अतुलच्या गाण्यांनी. करमाळ्याच्या माळावरच्या प्रेमासाठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलेलं, हे लोक एकमेकांना अभिमानाने सांगत होते. टॉकीजमध्ये खुर्च्यांच्या मधल्या वाटेत पोरं नाचत होती. गावागावातून गाड्या भरून माणसं तालुक्याला येत होती, एकेकाने चार-चार वेळा बघितला होता. त्याच वर्षी १ जानेवारीला आलेल्या ‘नटसम्राट’ने कमाईचा विक्रम केला होता, तो काही आठवड्यांत मागे पडला. १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा ‘सैराट’ हा पहिला मराठी चित्रपट.

या आनंदाच्या पाठीमागे एक तारीख उभी होती, आणि आमच्या भागात ती कुणी विसरलेलं नव्हतं. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. वरच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढाच संशय. चित्रपट त्याला बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर लागला. तो त्या घटनेवर आहे, असं मी म्हणत नाही. पण खर्डा ते करमाळा हे अंतर एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं आहे, आणि पडद्यावरची पाटलीण आणि मासेमाराचा पोरगा पाहताना आमच्याकडच्या प्रेक्षकाला काल्पनिक असं फार थोडं वाटलं.

चित्रपट अजून जोरात होता तेव्हाच, १३ जुलै २०१६ ला, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या मराठा मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ऑगस्टपासून जिल्ह्याजिल्ह्यात लाखोंचे मूक मोर्चे निघाले. आरोपी दलित होते, आणि मोर्चांच्या मागण्यांत अॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही होती. आता चित्रपटाविषयीचं बोलणं चित्रपटाविषयी राहिलं नाही. असे सिनेमे पोरांना बिघडवतात, याच सिनेमाने हे दिवस दाखवले, असं पारावर बोललं जाऊ लागलं आणि व्यासपीठावरूनही बोललं गेलं. अत्याचार करून केलेला खून आणि दोन जिवांनी एकमेकांच्या मर्जीने केलेलं लग्न या दोन गोष्टी एका वाक्यात बसवल्या गेल्या. मला आजही ते ऐकलेलं आठवलं, की घशाशी येतं.

कोण काय म्हणत होतं

आमच्या टेबलावर पत्रं येत, लेख येत, चहाच्या टपरीवर वाद होत. त्यातून मला साधारण चार सूर ऐकू आले.

एक सूर दुखावलेल्यांचा. प्रत्येक वेळी पाटीलच खलनायक का, आमच्या मुलींना बुलेटवर बसवून काय दाखवायचंय, असा. यातला बराचसा भाग मला पटत नाही, पण तो खोटा नव्हता. गावातल्या ज्या कुटुंबाकडे दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला नायिकेच्या बापाच्या, तात्या पाटलाच्या वाड्याशी आपल्याला एका माळेत ओवलेलं आवडणार नव्हतं.

दुसरा सूर आंबेडकरी कार्यकर्त्यांचा, आणि तो एकजिनसी नव्हता. कुणाला अभिमान होता: आपला माणूस, आपली बोली, आपलं गाव, आणि सगळं राज्य रांगेत. कुणाला राग होता: मारणारा तोच, मरणारा तोच, लढा कुठे आहे? पोरगी धीट आणि पोरगा भिडस्त, हे चित्र आपल्या पोरांना काय देणार? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटला. त्याचं उत्तर चित्रपटात शोधावं लागतं, आणि तिथवर फार थोडे गेले.

तिसरा सूर पुण्या-मुंबईच्या जाणत्या प्रेक्षकाचा. मंजुळेंचा आधीचा ‘फँड्री’ अस्सल होता, हा तडजोडीचा. स्लो मोशन, आकाशातून टिपलेली दृश्यं, उसळती व्हायोलिनं. मंजुळे व्यावसायिक झाले. आणि उत्तरार्ध रेंगाळतो, हे जवळजवळ सगळ्यांचंच मत.

चौथा सूर बोलतच नव्हता, नाचत होता. ‘झिंगाट’ वरातीत वाजलं, मिरवणुकीत वाजलं, परदेशातल्या मराठी मंडळांच्या स्नेहसंमेलनात वाजलं. जातीत, पत्रिका जुळवून, मानपान करून लावलेल्या लग्नांच्या वरातीत हे गाणं वाजत होतं, आणि ज्या चित्रपटातून ते आलं त्यात लग्नाची किंमत काय मोजली जाते हे नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांना मी दोष देत नाही. चित्रपटाचे दोन तुकडे करून एक घरी नेण्याची सोय आपल्याला होती, आणि ती आपण वापरली.

या चौघांत एक गोष्ट समान होती. ‘सिनेमाने काय केलं’ याबद्दल सगळे तावातावाने बोलत होते, ‘सिनेमा कसा केलाय’ याकडे फारसं कुणी वळत नव्हतं. त्याला एक साधं कारणही होतं. पहिल्या काही आठवड्यांत शेवट सांगायचा नाही, हा अलिखित करार परीक्षण लिहिणाऱ्यांनी पाळला. आम्हीही पाळला. प्रेक्षकाचा धक्का जपायला हवा, हे बरोबरच. पण त्यामुळे झालं असं, की ज्या गोष्टीवर बोलायला हवं होतं ती सोडून बाकी सगळ्यावर आधी बोलून झालं: बोली, गाणी, नायिकेचा तोरा, गल्ला. शेवटाबद्दल मोकळेपणाने लिहायची वेळ आली तेव्हा जुलै उजाडला होता, आणि चर्चेचा ताबा दुसऱ्यांनी घेतला होता.

रेंगाळणारा भाग

मी चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तो उत्तरार्धासाठी, आणि माझं मत तिथे बदललं.

चारही गाणी पूर्वार्धात आहेत. विहीर, ऊस, बुलेट, ट्रॅक्टर, नदीकाठ. हिंदी सिनेमात हे वैभव स्वित्झर्लंडच्या प्रेमाला मिळतं. इथे ते मासेमाराच्या पोराला, परश्याला, मिळालेलं आहे. ज्यांना ही तडजोड वाटली त्यांना मी विचारेन, की भव्य वाद्यवृंद कुणाच्या प्रेमामागे वाजला तर कलात्मक आणि कुणाच्या मागे वाजला तर बाजारू, हे कसं ठरतं? पूर्वार्धातच कडेला सगळं मांडून ठेवलेलं आहे. नायिका अर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली देतो. तात्या सभेत विरोधकाची खिल्ली उडवतात ती घरची बाई सांभाळता येत नाही म्हणून. लोक टाळ्या वाजवतात. थिएटरमधलेही हसतात, मीही हसलो होतो. जातीवर कुणी भाषण करत नाही. भाषणाची गरज पडत नाही, इतकी ती सगळीकडे आहे.

मग दोघं पळून जातात, गाणी थांबतात आणि हैदराबाद सुरू होतं. भाषा येत नाही. झोपडपट्टीतला संडास, पाणी, डास. बुलेट चालवणारी पोरगी घाबरते, रडते, घरी फोन लावावासा वाटतो. आधार देते ती छाया कदम यांनी साकारलेली, डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का. अर्ची कारखान्यात कामाला लागते, परश्या डोसे घालायला शिकतो. आणि इथेच तो प्रसंग येतो ज्याच्याबद्दल मी त्या वर्षी जवळजवळ काहीच वाचलं नाही: परश्या तिच्यावर संशय घेतो आणि हात उचलतो.

ज्याच्यासाठी तिने घर सोडलं त्या पोराच्या हातात क्षणभर प्रिन्सचाच हात दिसतो. भिडस्त नायक, लढा कुठे आहे, या आक्षेपाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. चित्रपट परश्याला देवत्व देत नाही. बाईला ताब्यात ठेवायची सवय वाड्यातून झोपडीत कशी येते, हे तो दाखवतो, आणि मग ती सवय मोडून दोघं संसार कसा उभा करतात तेही. अर्ची निघून जाते, परत येते. पोर होतं. घर घ्यायचं ठरतं. हे सगळं सावकाश चालतं, कारण संसार सावकाशच उभा राहतो. प्रेक्षकाला कंटाळा येतो तो याच ठिकाणी: थरार संपलेला असतो, रोजचं जगणं सुरू झालेलं असतं. दोन वेगळ्या जातींच्या माणसांचं साधं, कंटाळवाणं, सुखाचं जगणं आपण मराठी पडद्यावर इतका वेळ कधी पाहिलं होतं?

म्हणून शेवट तसा लागतो. अर्ची दारात रांगोळी काढत असते. भाऊ आणि सोबतचे येतात, आईने दिलेल्या भेटी आणतात, चहा होतो. पोर शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. खून पडद्यावर दिसत नाही. पोर परत येतं, आत जातं, बाहेर येतं, आणि त्याची पावलं लाल उमटत जातात. आवाज नाही. ज्या चित्रपटाने गाण्यांवर सगळ्यांना नाचवलं, तो शेवटी वाद्यवृंद सोडाच, साधा रस्त्यावरचा गोंगाटही देत नाही.

मारायला कोण आलं, हे चित्रपट शेवटपर्यंत विसरू देत नाही. भाऊ आला, भेटी घेऊन आला, बहिणीच्या हातचा चहा प्यायला. हा तपशील लक्षात ठेवा.

तीन अक्षरं

आता मथळ्याकडे येतो.

जिल्हा आवृत्तीत रात्री पान सोडायची घाई असते. दोन कॉलमी बातमीच्या मथळ्याला जागा मोजकी. ‘ऑनर किलिंग’ बसवायला कठीण, आणि त्यातल्या ‘ऑनर’ने खुन्यालाच मान दिल्यासारखं होतं, म्हणून तो शब्द आम्हाला नको असायचा. ‘प्रतिष्ठेपायी हत्या’ जड वाटायचं. ‘आंतरजातीय विवाहातून खून’ लांब पडायचं. आणि मग २०१६ नंतर हाताशी तीन अक्षरं आली, जी वाचताच वाचक थांबतो. ‘तालुक्यात सैराटची पुनरावृत्ती’, ‘सैराट स्टाईल हत्या’, ‘आणखी एक सैराट’. वाहिन्यांवर हे अधिक मोठ्या आवाजात चाललं. मीही असे मथळे दिले. त्या क्षणी ते अचूक वाटायचे.

चूक कुठे होते ते शब्द वेगळा काढून पाहिल्यावर दिसतं. सैराट म्हणजे मोकाट सुटलेलं. चित्रपटाने तो शब्द प्रेमात वेड्या झालेल्या दोघांसाठी वापरला, आणि तिथे तो शोभतो. त्याच शब्दाने आपण खुनाला नाव दिलं. म्हणजे प्रत्येक मथळ्यात, आपल्याला कळत असो वा नसो, दावं तोडल्याची आठवण आहे. कुणी तोडलं? त्या पोरीने, त्या पोराने. ज्याने कोयता उचलला त्याच्याविषयी या शब्दात एक अक्षर नाही. हळूहळू घरातून पळून लग्न केलेलं जोडपंही ‘सैराट’ झालं: ‘सैराट जोडपं सापडलं’, ‘पोरं सैराट झाली’. करणी आणि तिची सजा, दोन्हींना एकच नाव. गावात आया पोरींना सांगू लागल्या, ‘सैराट करू नकोस’, आणि त्यात पळून जाऊ नकोस हाही अर्थ होता, मरू नकोस हाही. माझ्या कानावर हे वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा मला आपल्या कामाची लाज वाटली.

याच काळात कायद्याची भाषा नेमकी होत होती. राष्ट्रीय गुन्हे नोंदींमध्ये २०१४ पासून अशा खुनांचा हेतू वेगळा नोंदवला जाऊ लागला होता. २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुटुंबाची, जातीची वा पंचायतीची संमती लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा हवा. ज्या राज्याने आंतरजातीय लग्नाला ५० हजार रुपयांचं अर्थसहाय्य ठेवलं आहे, त्याच राज्यातल्या वर्तमानपत्रांत अशा लग्नाला मिळालेला सगळ्यांत परिचित शब्द मात्र अपराधाचा वास असलेला होता.

नोव्हेंबर २०१७ च्या एका आठवड्यात हे आमच्या पानावर फारच उघडं पडलं. २३ तारखेला खर्ड्याच्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. २९ तारखेला कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीतल्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. पण खर्ड्याच्या बातमीतही ‘सैराट’ घालावा, असं आमच्या टेबलावर कुणीतरी सुचवलं. सतरा वर्षांचा तो पोरगा कुणाला घेऊन पळाला नव्हता. त्याने लग्न केलं नव्हतं. फक्त बोलल्याचा संशय होता. तरी शब्द जीभेवर तयार होता. त्या रात्री मी तो जाऊ दिला नाही.

जात काढली तेव्हा दिसली

२०१७ मध्ये ‘सैराट’चा कन्नड अवतार आला, त्यातही रिंकू राजगुरूच होती. २० जुलै २०१८ ला हिंदी ‘धडक’ आला: सोलापूरऐवजी उदयपूर, हैदराबादऐवजी कोलकाता. नायिका वाचते, नवरा आणि मूल मारलं जातं. शेवट बदलला, म्हणून मी नाराज नाही. दिग्दर्शकाला तो अधिकार आहे. पण कमी दर्जाच्या मानल्या गेलेल्या जातीची धार तिथे इतकी बोथट झाली, की दोन घरांमधला फरक श्रीमंती-गरिबीचा आणि राजकारणाचा उरला. आणि गंमत नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट ही, की हिंदी-इंग्रजी परीक्षणांनी हा आक्षेप पहिल्या दिवसापासून घेतला. जात कुठे गेली, हा प्रश्न सगळीकडे होता. त्यानंतर मराठीतही अनेकांनी मूळ चित्रपट पुन्हा काढून लिहिलं: कॅमेरा कुणाच्या घरात शिरतो, विहीर कुणाची, आडनावं कशी उच्चारली जातात. दोन वर्षांपूर्वी हेच लिहायला हवं होतं. मिठाचं असणं जेवणात कळत नाही, नसणं कळतं, तसं झालं.

मथळ्यातला कर्ता

हे प्रकरण मला अखेर व्याकरणापाशी घेऊन आलं. ‘आंतरजातीय विवाह केल्याने तरुणीचा खून’ हा मथळा नीट वाचा. यात ‘ने’ लागलाय तो लग्नाला. मारणारा वाक्यातच नाही. खून जणू लग्नाने केला. ‘भावाने बहिणीचा खून केला’ यात ‘ने’ जिथे लागायला हवा तिथे लागतो. शाळेत शिकवलेला कर्ता. मंजुळेंनी तो शेवटपर्यंत नजरेसमोर ठेवला, चहाच्या कपासकट. आपण चर्चेत तो हरवला, आणि चित्रपटाचंच नाव देऊन हरवला.

मी वरिष्ठांना लेखी सुचवलं, की अशा बातमीत ‘सैराट’ वापरू नये, आरोपीचं नातं मथळ्यात यावं. बाप, भाऊ, चुलता, जो असेल तो. एक आक्षेप आला तो योग्य होता: गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी नातं छापायचं कसं? त्यावर ‘भावावर खुनाचा गुन्हा’, ‘वडील अटकेत’ असं लिहायचं ठरलं. दुसरा आक्षेप वाचकसंख्येचा होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. काही महिने नियम पाळला गेला. मग माणसं बदलली, शब्द परत आला.

मी ती नोकरी सोडली त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या जुन्या अंकांच्या संगणकीय साठ्यात ‘सैराट’ टाकून पाहिलं. पहिल्याच पडद्यावर गाण्यांची बातमी, गल्ल्याचा आकडा, रिंकूच्या दहावीच्या निकालाची चौकट, वरातीत नाचणाऱ्यांचा फोटो. आणि त्यांच्या मधेमधे, त्याच शब्दाखाली, गाववार खुनांच्या बातम्या. त्यातले तीन मथळे माझे होते. तिन्हींत कर्ता नव्हता.